दोन गप्प गळे

१९०४

कारकुनाच्या गळ्यातून टकटक ऐकू आली तेव्हा आधी सगळे हसले. सगळ्यांत जास्त कारकूनच.

"गळ्यात कुणीतरी टाइप करतंय वाटतं," तो म्हणाला. "करू दे बापडं. माझी तेवढीच पानं कमी."

"बोलू नका. गिळू नका. अजून वीस सेकंद."

मोजणीबाई हसल्या नव्हत्या. मिनिट संपल्यावर त्यांनी यंत्राचा प्रोब, म्हणजे ठोके टिपणारी नळी, भिंतीकडे वळवला. आवाज विरळ झाला. एक ठोका, जरा थांबून दुसरा. प्रोब पुन्हा कारकुनाच्या गळ्याशी आणला, आणि पत्र्यावर गारा पडायला लागल्या.

दर तीन महिन्यांनी त्या यायच्या. पेटीतून यंत्र काढायच्या, प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला खुर्चीत बसवून हनुवटी वर करायला लावायच्या आणि गळ्याशी प्रोब धरून बरोब्बर एक मिनिट मोजायच्या. किरणोत्सारी आयोडीन अंगात गेलं की ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं आणि तिथून बोलत राहतं. कुणाशीही न लागलेल्या प्रोबवरही मिनिटाला तीसेक ठोके पडतातच. ते भिंतींचे, आभाळाचे. कारकुनाचे एकोणीसशे चार भरले होते.

"तुम्ही आतल्या खोलीत जाता?"

"आयोडीनच्या? बाई, त्या खोलीचं दार ढकलायचं की ओढायचं, तेसुद्धा मला ठाऊक नाही." मग त्याचा चेहरा उतरला. "मरणार का मी?"

"इतक्यात नाही. तुमच्या वयाच्या गळ्याला एवढ्यानं काही होत नाही."

"मग घाबरायचं कुणी?"

 सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथे धाकटी उभी होती, पांढऱ्या कोटाची खालची दोन बटणं उघडी ठेवून. पाचवा महिना. पाचव्या महिन्यात बाळाच्या गळ्यातही तीच ग्रंथी तयार झालेली असते, इवलीशी, आणि तीही आयोडीन शोधत असते.

"माझ्या बाळाच्या गळ्यात गेलंय का?" धाकटी म्हणाली. "मला एवढंच सांगा. बाकी कुणी काय केलं ते तुमचं तुम्ही बघा."

३१

हा आकडा मोजणीबाईंचा स्वतःचा. दुसऱ्याला मोजण्याआधी त्या स्वतःला मोजत. यंत्र खोटं बोलत नाही एवढं तरी कळावं म्हणून.

प्रयोगशाळेत माणसं चार. सर, म्हणजे प्रमुख. मावशी, म्हणजे थोरल्या तंत्रज्ञ. सगळे त्यांना मावशीच म्हणत, पण धाकटीची ती सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनंच धाकटीला वाढवलं, शिकवलं, इथं चिकटवलं, आणि धाकटीचा नवरा सहा महिन्यांसाठी परगावी गेल्यापासून पुन्हा आपल्याच घरी आणून ठेवलं. तिसरी धाकटी. चौथा कारकून.

काम एकच. रक्तात एक हार्मोन किती आहे ते मोजायचं. ते हार्मोन म्हणजे एक प्रथिन, आणि रक्तात इतकं कमी की तराजूला दिसत नाही. म्हणून थोडं शुद्ध हार्मोन घेऊन त्याला किरणोत्सारी आयोडीनची खूण चिकटवायची आणि त्या खुणेचे ठोके मोजायचे. खूण चिकटवण्याचं काम मावशीचं. आतल्या खोलीत, काचेच्या कपाटात हात घालून, चाळीस सेकंदांत. मग ते मिश्रण जेलच्या उभ्या नळीतून खाली सोडायचं आणि थेंब थेंब चाचणी-नळ्यांत धरायचे. पहिल्या नळ्यांत उतरतं खूण लागलेलं हार्मोन. मागाहून उतरतं ते सुटं राहिलेलं आयोडीन. पहिलं फ्रीजरमध्ये जातं. मागचं शिशाच्या डब्यात, कायमचं.

शेवटचं लेबलिंग, म्हणजे हे खूण चिकटवणं, तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं. त्यानंतर आतली खोली बंद होती. नवं आयोडीन आलंच नव्हतं.

मोजणीबाईंनी आतली खोली उघडली. कपाट गप्प. बेसिन गप्प. शिशाचा डबा, झाकण घट्ट, गप्प. आयोडीनची मूळ बाटली रिकामी आणि गप्प. त्या प्रोब पुढे धरून पावलापावलानं बाहेर आल्या, आंधळ्यानं काठी टेकत यावं तशा. कारकुनाचं टेबल गप्प. धाकटीचा ओटा गप्प. बोळातल्या फ्रीजरचं दार त्यांनी उघडलं.

यंत्र किंचाळलं.

"त्यात नवल काय?" सर मागून म्हणाले. "लेबल लावलेल्या हार्मोनची कुपी तिथेच असते. ती बोलणारच."

"कुपी शिशाच्या डबीत आहे, सर. डबी बंद आहे."

"मग?"

मोजणीबाईंनी हातमोज्याच्या बोटानं फ्रीजरच्या भिंतीवरचं पांढरं हिम खरवडलं आणि ते बोट प्रोबपुढे धरलं. डोळ्यांना त्या बोटावर पाण्याच्या एका थेंबाशिवाय काही दिसत नव्हतं.

"हे हिम बोलतंय," त्या म्हणाल्या.

६४०

सरांची उत्तरं. प्रश्न कुठले होते ते त्यांवरून कळतंच.

हो, मीही फ्रीजर उघडतो. आठवड्यातून दोनदा फार तर.

सहाशे चाळीस? माझे? पुन्हा मोजा.

बरं.

चिकटलेलं आयोडीन उडत नाही हो. प्रथिनाला घट्ट बसलेलं असतं ते. म्हणून तर त्याला बिनधास्त गोठवतो. सुटं आयोडीन कुणी गोठवत नाही. सुटं गोठलं, वितळलं, पुन्हा गोठलं की दर खेपेला त्यातलं थोडं वाफ होऊन निघून जातं. हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

बावीस वर्षं. बावीस वर्षांत मावशींचं एक लेबलिंग वाया गेलेलं नाही. दोन महिन्यांनी निवृत्त होतायत. मी तर म्हणतो त्यांचे हातच ठेवून घ्यावेत.

नाही, हार्मोन सहजासहजी मिळत नाही. या कणभराची आठ महिने वाट बघितली.

चाचण्या? चाचण्या तीन आठवडे बोंबलल्यात. चाचणीत हार्मोनला धरून ठेवणारी अँटीबॉडी कुपीतलं हार्मोन पकडायलाच तयार नाही. अँटीबॉडी खराब झाली असणार, नवी मागवलीय. नाहीतर... आता बोलू नये, पण धाकटीचं लक्ष नाही हल्ली. अवघडलेली बाई. नाक गळतंय, डोळे चुरचुरतायत, वासानं मळमळतंय. मी तिला म्हटलं घरी बस. नाही म्हणते.

तिच्या गळ्याला काही नसू दे एवढंच.

पण असणारच ना? रोज कुपी तीच उघडते.

३३

मावशी खुर्चीत बसली तशी हनुवटी आपण होऊनच वर गेली. इतक्या वर्षांची सवय.

साठ सेकंद ठोके विरळ पडले. दोघींनी ते ऐकले. मिनिट संपल्यावर माणसं आपोआप बोलायला लागतात, हे मोजणीबाईंना माहीत होतं. गप्प बसवलेला माणूस सुटला की आधी जे तोंडात येतं ते बोलतो. म्हणून त्या काही विचारत नसत.

"पोरीचा किती?" मावशी म्हणाली.

"अजून मोजायचाय."

"मोजा. घाबरू नका, मोजा." मावशीनं रुमालानं नाक पुसलं. "सर्दीनं जीव नकोसा केलाय. ताप नाही, खोकला नाही, नुसतं पाणी. घरात दोघींनाही एकदमच धरलं. चहा पितेय की तांब्याचा पैसा चोखतेय ते कळत नाही."

"तुमचा गळा स्वच्छ आहे."

"असणारच. लेबलिंगच्या दिवशी गोळी घेते ना मी. साध्या आयोडीनची गोळी. गळा साध्या आयोडीननं भरून टाकला की वाईट आयोडीनला बसायला जागा राहत नाही. धर्मशाळा भरलेली, पाहुणा परत." ती हसली. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा! काजव्यानं सूर्याला वाट दाखवायची."

"फ्रीजर तुम्हीही उघडता?"

"रोज. का?"

"विचारलं."

२९

धाकटी खुर्चीत बसली. एक हात पोटावर, एक खुर्चीच्या दांड्यावर. मोजणीबाईंनी कळ दाबली.

दहा सेकंद. चार ठोके. धाकटीनं डोळे मिटले.

वीस. नऊ. दारातून कारकून बघत होता. त्याचा स्वतःचा हात गळ्यावर होता.

तीस. पंधरा. सर घड्याळ बघत होते, पण वेळ बघत नव्हते.

चाळीस. एकोणीस. मोजणीबाईंनी प्रोब जरा आणखी जवळ नेला. काही फरक पडला नाही.

पन्नास. पंचवीस.

साठ.

"एकोणतीस," मोजणीबाई म्हणाल्या. "काही नाही."

कारकुनानं टाळी वाजवली. "सुटलो बुवा! पेढे—म्हणजे, जे काय वाटायचं ते मी वाटतो!" सर भिंतीला टेकले. मावशीनं धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले.

धाकटी मात्र मोजणीबाईंकडे बघत होती. मोजणीबाईंच्या चेहऱ्यावर आनंदाची रेषही नव्हती.

"काय झालं?"

"कारकून फ्रीजरशी दिवसातून किती वेळ असतात?"

कारकुनानं कबूल केलं. दाढ दुखते. बर्फाचा ट्रे कुपीच्या मागेच असतो. दिवसातून दोनदा डोकं आत घालून, तोंड उघडं टाकून, गालाला बर्फ लावून उभा राहतो. पाच मिनिटं, फार तर सहा. "माफ करा. पण दाढ दुखायला लागली की माणूस स्मशानातसुद्धा गारवा शोधेल."

"आणि कुपी बाहेर काढून, वितळवून, उघडून, तिच्यावर वाकून तू काम करतेस. रोज," मोजणीबाई धाकटीला म्हणाल्या. "तुझा आकडा यांच्या कितीतरी पुढे असायला हवा होता. तुझ्या गळ्यात काही नाही, हे चांगलं नाही. हे अशक्य आहे."

२९, पुन्हा

धाकटीची उत्तरं. या वेळी खोलीत फक्त त्या दोघी होत्या.

नाही, मी आतल्या खोलीत तिसऱ्या महिन्यापासून पाऊल ठेवलेलं नाही. मावशी उंबऱ्याशीसुद्धा येऊ देत नाही.

आयोडीनची गोळी? मी कशाला घेऊ? ती लेबलिंग करणाऱ्यानं घ्यायची.

खाणं नेहमीचंच. पण सगळ्याला एक चव लागते. पितळेचा चमचा चाटल्यासारखी. शेजारच्या काकू म्हणाल्या, असं होतं या दिवसांत.

हो, औषधं घेते. लोहाची गोळी. मावशीच देते. सकाळी उठलं की पाण्याचा पेला आणि हातावर गोळी, गिळल्याशिवाय हलत नाही समोरून. शाळेत असताना जंताचं औषध द्यायची तशी. मी म्हणते, अगं, मी आता आई व्हायला आले. ती म्हणते, मग आईसारखी गप गिळ.

कधीपासून ते... काही आठवडे. नक्की नाही सांगता येणार.

तुम्ही असं का बघताय?

४ सेंटिमीटर

सरांना वाटलं, उलगडलं.

"कारकुनाचा गळा भरला, माझा भरला," ते दार लावून म्हणाले. "ज्यांना माहीत नव्हतं त्यांचे गळे बोलतात. जो गळा गप्प आहे त्यानं आधीच गोळी घेतलीय. म्हणजे कुपीत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. मावशी लेबलिंग करतात, त्यांचं समजू शकतो. पण धाकटी? तीन आठवडे चाचण्या तिच्याच हातून फसतायत. तिनंच कुपीत काहीतरी घोटाळा केला आणि झाकायला गोळ्या खाल्ल्या. मला हे लिहून वर कळवावं लागेल. तिला उद्यापासून इथं येता येणार नाही."

"थांबा. आधी कुपीलाच विचारू."

मोजणीबाईंनी कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली. तिच्या खालच्या टोकाशी कुपीतला एक थेंब ठेवला आणि पट्टीचा तळ पेल्यातल्या द्रवात टेकवून उभी केली. द्रव कागदात चढू लागला. प्रथिन जडशीळ, ते ठेवलं तिथेच बसून राहतं. सुटं आयोडीन द्रवाबरोबर वर पळतं. कुपीत खरंच लेबल लावलेलं हार्मोन असेल, तर ठोके तळाशी पडायला हवेत.

वीस मिनिटांनी पट्टी वाळवून त्यांनी ओट्यावर आडवी ठेवली. प्रोबपुढे शिशाचा पत्रा धरला, मध्ये चिरेएवढी फट ठेवून, आणि तो तळापासून सावकाश सरकवत नेला.

तळ. तीन-चार ठोके.

एक सेंटिमीटर. काही नाही. दोन. काही नाही. कोरा पांढरा कागद.  तीन. एक ठोका.

चारवर यंत्र किंचाळलं.

कागद तिथेही कोराच दिसत होता.

"हे हार्मोन नाहीच," सर पुटपुटले. "हे नुसतं आयोडीन आहे. सुटं. ज्या नळ्या डब्यात टाकायच्या, त्याच कुपीत भरल्यात." ते स्टुलावर बसले. "आणि आम्ही ते रोज गोठवतोय आणि वितळवतोय."

"ठोके दोन्हीचे सारखेच. त्यामुळे मोजून कुणाला कळलं नाही. अँटीबॉडी पकडत नव्हती, कारण पकडायला हार्मोनच नव्हतं. पोरीच्या हातात काही दोष नाही."

"पण गोळ्या? तिचा गळा?"

"सर, एक सांगा. समजा तुम्ही पाच महिन्यांची गरोदर बाई आहात."

"बरं." सर गंभीरपणे म्हणाले.

"आणि कुपीत हे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही काय कराल? गोळी खाऊन रोज त्या कुपीवर वाकाल?"

"मी दुसऱ्या गावी पळून जाईन."

"तुम्ही तिला घरी बस म्हणालात, तरी ती इथंच थांबली. तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी माहीत होतं, आणि त्या माणसाला ती कुपी उघडते ते थांबवता येत नव्हतं. थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं तिचा गळा आतून बंद केला. दोघींना सर्दी. दोघींच्या तोंडाला धातूची चव. आयोडीनची गोळी दिवसेंदिवस खाल्ली की हेच होतं. तीन आठवडे लेबलिंग नसताना त्यांच्या घरात रोज सकाळी गोळ्या कोण वाटतंय?"

 सर म्हणाले, "गोळ्यांच्या कपाटाची किल्ली मावशींकडेच असते."

आकडा नाही

मावशी बोळात फ्रीजरसमोर उभी होती. दार बंद होतं. तिनं मागे न बघताच विचारलं, "कागद लावलात?"

"लावला."

"वर चढलं असेल."

"चढलं."

"अंधुक दिसतं हल्ली," मावशी म्हणाली. "स्टँडमध्ये नळ्यांच्या दोन रांगा. मागची रांग पुढची समजून ओतली. माणूस चुकतो. पाच दिवसांनी चाचण्या फसल्या तेव्हा ध्यानात आलं. तेव्हा सांगायला हवं होतं. कळतं मला. रोज वाटायचं, उद्या नवं आयोडीन येईल, गुपचूप दुसरं करून ठेवीन, ही कुपी ओतून देईन. आयोडीन काही आलं नाही. दोन महिने राहिलेत हो माझे. बावीस वर्षांत—"

"मावशी, पोरीला किती गोळ्या दिल्या?"

"रोज एक. चुकवली नाही एक दिवस." तिच्या आवाजात जरासा अभिमानच आला. "तुम्हीच मोजलंत ना? एकोणतीस. माझ्या पोरीच्या गळ्यात कण गेला नाही. बाळाच्याही नाही. ती गोळी आईतून बाळापर्यंत जाते, त्याचंही दार लावते. मी वाचलंय."

"पुढचं वाचलंत का?"

मावशी वळली.

"ती गोळी एका दिवसापुरती असते. फार तर दोन. दार लावलं की बाहेरचं आत येत नाही, तसं आतलं कामही थांबतं. मोठ्यांचा गळा चार दिवसांत सावरतो. पाच महिन्यांच्या बाळाला ते अजून येत नाही. त्याची ग्रंथी नुसती बंद पडून राहते. वाढतं बाळ आणि बंद ग्रंथी."

मावशीनं फ्रीजरच्या मुठीला हात टेकला.

"मी... राखण केली तिची."

"मी तुम्हाला काय केलंत ते विचारायला आले नाही. सोनोग्राफीला डॉक्टरबाई वाट बघतायत. चला."

बोळाच्या टोकाशी धाकटी उभी होती. तिनं किती ऐकलं होतं, ते विचारायची कुणाला हिंमत झाली नाही. ती पुढे चालायला लागली, आणि मावशी चार पावलं मागून.

—

सोनोग्राफीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. बाहेर भर दुपार होती. यंत्राच्या पडद्यावर करडं धुकं हललं आणि धुक्यातून एक डोकं, एक कणा, एक मूठ आली.

डॉक्टरबाईंनी बाळाच्या गळ्याशी खुणेच्या दोन फुल्या ठेवल्या. चित्र थांबवलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबवलं.

"जरा भरलाय," त्या म्हणाल्या. "असायला हवा त्याच्यापेक्षा थोडा. ग्रंथी बंद पडली की सुजते. पण वेळेत लक्षात आलं तर यातून बाहेर काढता येतं. गोळी आजपासून बंद."

"आणि?" धाकटीनं विचारलं.

"ते दिवसांवर आहे. किती दिवस गोळी गेली? अडीच आठवड्यांच्या आत असेल तर आपण थांबून बघू, आपोआप उतरेल. त्याहून जास्त असेल तर मी थांबणार नाही. मोठ्या डॉक्टरांना आत्ता बोलावते, आणि पोटातूनच बाळाला औषध द्यायचं की नाही ते आजच ठरवू. त्या औषधालाही धोका आहे. विनाकारण देणार नाही. मला आकडा बरोबर हवा."

डॉक्टरबाईंनी मोजणीबाईंकडे बघितलं. "तुमच्या यंत्रावर काही कळेल?"

"नाही. साधं आयोडीन बोलत नाही."

मोजणीबाईंची पेटी मिटलेलीच होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या अशा खोलीत उभ्या होत्या, जिथे त्यांना काहीही मोजता येत नव्हतं. आकडा एकाच माणसाजवळ होता, आणि त्या माणसानं इतके दिवस बाळाच्या आईला लोहाची गोळी म्हणून दुसरीच गोळी दिली होती.

"सोळा," मावशी भिंतीपाशी उभी राहून म्हणाली. "पाच दिवसांनी कळलं ना मला. तेव्हापासून. सोळा."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. "म्हणजे थांबता येईल."

धाकटी पलंगावर तशीच पडून होती, पोट उघडं, त्यावर जेल चकाकत होतं. तिनं मान वळवली नाही. पडद्यावर मूठ उघडली, मिटली.

"मावशी," ती म्हणाली.

बस, एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. लहानपणी अंधारात झोपेतून उठून हाक मारावी तसं म्हणाली, फक्त कुणी आहे ना ते बघायला.

 सोबत आलेले सर दाराशी खाली बघत उभे होते. यंत्राचा पंखा घरघरत होता. मोजणीबाईंना सवयीनं सेकंद मोजावेसे वाटले, आणि त्यांनी मोजले नाहीत.

"रांग चुकली नव्हती," मावशी म्हणाली. "आदल्या दिवशीचं द्रावण वापरलं होतं. खूण चिकटवायचं द्रावण त्याच मिनिटाला ताजं करायचं असतं, मीच सगळ्यांना शिकवलं, आणि मीच शिळं वापरलं. कंटाळा केला. पहिल्या नळ्या लावल्या तर ठोकेच नाहीत. हार्मोन गेलं होतं. आठ महिन्यांचं. मागच्या नळ्या नुसत्या ओरडत होत्या. मी त्या बघितल्या आणि... मला तेव्हाच माहीत होतं. ओततानाच माहीत होतं." तिचा आवाज बारीक होत गेला. "त्याच संध्याकाळी हिला पहिली गोळी दिली."

"किती?" डॉक्टरबाई.

"एकवीस."

"नक्की?"

मावशीनं तोंड उघडलं. पण डॉक्टरबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या धाकटीकडे बघत होत्या. पेन कागदाच्या वर थांबलेलं होतं.

धाकटीनं पहिल्यांदा मान वळवून मावशीकडे बघितलं. भिंतीशी टेकलेली, नाक वाहतंय, हात कोटाच्या खिशात घट्ट आवळलेले. बराच वेळ बघितलं.

"एकवीस लिहा," ती म्हणाली.